हात लावून पाहावा असा इतिहास

(न्यासाच्या महोत्सवी सभेत झालेले भाषण)



महोत्सवाच्या निमित्ताने न्यासाच्या मागील खोलीत जुन्या वस्तूंचे एक दालन उभारावे असा विचार चालला आहे. बडोद्यातील एका कारखान्याचे इतिहास-दालन उभारण्याचे काम पूर्वी माझ्याकडे होते, म्हणून चार शब्द बोलावे अशी चिटणीसांनी आज्ञा केली. कारखान्याचे नाव मी घेत नाही, कारण मला मुख्यतः आमच्या चुका सांगावयाच्या आहेत.

बडोदेकरांना म्यूझियम नवे नाही. सयाजीराव महाराजांनी ते कमाटी बागेत उभारले आणि १८९० साली कलाभवन काढून हातांना विद्या दिली. परंतु आपल्या मनात म्यूझियम म्हणजे काचेचे कपाट आणि ‘हात लावू नये’ ही पाटी. ही पाटी काढण्याचे धाडस म्युनिकच्या ऑस्कर फॉन मिलर यांनी मोठ्या प्रमाणावर केले. त्यांनी १९०३ साली जर्मन म्यूझियमची स्थापना केली आणि लोकांनी स्वतः दांडा फिरवावा, कळ दाबावी, यंत्र चालताना पाहावे अशी योजना केली. आज ज्याला आपण संवादी दालन म्हणतो त्याचे मूळ पडद्यात नाही, त्या दांड्यात आहे.

कंपनीच्या इतिहासाचे उत्तम उदाहरण जपानातील नागोया येथे आहे. साकिची तोयोदा यांनी १९११ साली जेथे मागांची चाचणी घेण्यासाठी कारखाना काढला, त्याच लाल विटांच्या इमारतीत टोयोटा समूहाच्या कंपन्यांनी मिळून ११ जून १९९४ रोजी म्यूझियम उघडले. मोटारींचा उद्योग उभारणाऱ्या किइचिरो तोयोदांच्या जन्माला त्या दिवशी शंभर वर्षे पूर्ण झाली. मोटारीची कंपनी १९३७ ची. पण दालनाचा आरंभ कापसापासून होतो. हाताने सूत काढण्यापासून पुढच्या यंत्रांपर्यंत सर्व काही तेथील माणसे चालवून दाखवितात. १९२४ चा स्वयंचलित माग तेथे आहे. तो न थांबता धोटा बदलतो, आणि धागा तुटला की मात्र आपण होऊन थांबतो. या मागाच्या पेटंटाचे हक्क १९२९ साली इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्सने विकत घेतले. हे सारे भिंतीवर लिहून सांगता आले असते. परंतु धागा तुटताच माग थांबलेला ज्याने डोळ्यांनी पाहिला, त्याला त्या कंपनीचा स्वभाव न सांगता कळतो.

आता आमची कथा. आमची पहिली चूक क्रमाची. उद्घाटनाची तारीख ठरली, आणि वस्तूंची यादी होण्याआधीच सहा पडद्यांचा ठेका देऊन आम्ही मोकळे झालो. पडद्यावर काय दाखवावयाचे हे नंतर शोधू लागलो! उद्घाटनाला सहाही पडदे झळकले. पहिल्या पावसाळ्यात दोन काळे पडले. दुरुस्तीची तरतूद अंदाजपत्रकात नव्हती. उलट आमच्याच सुताराने केलेले, मुलांनी फिरवावयाचे लाकडी चाक आजही फिरते आहे. तेव्हा आधी वस्तू, मग गोष्ट आणि शेवटी यंत्र, हा क्रम धरावा. प्रत्येक यंत्राने एकाच प्रश्नाचे उत्तर द्यावे. ते पक्के करण्यापूर्वी पुठ्ठ्याचा नमुना करून दहा मुलांच्या हाती द्यावा; मुले जेथे अडतील तेथे चूक आपली समजावी. आणि वर्षाच्या देखभालीचा पैसा बाजूला काढल्यावाचून फीत कापू नये.

दुसरी चूक याहून मोठी. आमचा कारखाना मध्यंतरी पाच वर्षे बंद होता. शेकडो माणसे घरी बसली. समितीने ठरविले की हा भाग नको, नावाला बट्टा लागेल. मीही मान डोलावली. भिंतीवरील सनावळी एका फलकावरून दुसऱ्या फलकावर उडी मारून गेली.

उद्घाटनानंतर आठवड्याभरात विणखात्यातील एक जुने जॉबर आपल्या नातीला घेऊन आले. मुलीने चाक फिरविले, कळा दाबल्या, मग विचारले, “आजोबा, तुम्ही यात कुठं आहात?” म्हाताऱ्याने दोन फलकांच्या मधल्या कोऱ्या भिंतीवर बोट ठेवले. “इथं,” एवढेच म्हणाले. मी जवळच उभा होतो. त्यांना चहासुद्धा विचारण्याचे मला सुचले नाही.

त्यानंतर मालकांचे मन वळविण्यात अकरा महिने गेले. अखेर त्या कोऱ्या जागी एक फळी लागली. कामगारांनी घरी जपून ठेवलेले हजेरीचे पितळी बिल्ले आणून दिले, ते तिच्यावर टांगले. बिल्ला काढून खालच्या खाचेत ठेवला की त्या माणसाचा आवाज ऐकू येतो: बंदच्या दिवसांत घर कसे चालविले, कोणी भाजी विकली, कोणाच्या बायकोने पापड लाटले. सर्वांत अधिक गर्दी आता तेथेच असते, आणि कंपनीच्या नावाला बट्टा लागलेला मी ऐकलेला नाही.

त्या जॉबरांचा बिल्लाही फळीवर आहे. त्यांच्या मुलाने तो आणून दिला, कारण तोवर ते राहिले नव्हते. तो खाचेत ठेवला तर काहीच ऐकू येत नाही. पडद्यांसाठी आम्हांला वेळ होता. त्यांच्यापाशी तासभर बसावयास नव्हता.

म्हणून माझी विनंती अशी. दालनाला रंग कोणता द्यावा याची चर्चा तूर्त राहू द्यावी. एक वही घालावी. तीत प्रत्येक वस्तूला क्रमांक, देणाऱ्याचे नाव, ती भेट आहे की उसनी, आणि तिची हकीकत लिहावी. वयाने सर्वांत मोठे जे असतील त्यांच्याकडे सर्वांआधी जावे. जाताना त्यांच्या काळची एखादी वस्तू घेऊन जावे, म्हणजे आठवण आपोआप येते. जेथे आपलाही धागा तुटला होता, म्हणजे वसतिगृह बंद ठेवावे लागले ती वर्षे, शिष्यवृत्तीवरून झालेले वाद, तेथे उडी न मारता थांबावे. आणि वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात ज्यांनी आयुष्य घातले, पण ज्यांचे नाव एकाही अहवालात नाही, त्या मावशींना विसरू नये. त्यांच्यापैकी दोघी आज येथे शेवटच्या रांगेत बसल्या आहेत.

येत्या रविवारी सकाळी नऊ वाजता मी कार्यालयात ध्वनिमुद्रणाचे यंत्र घेऊन बसणार आहे. पहिली खुर्ची त्या दोघींसाठी राखून ठेवली आहे.