पापण्यांच्या कडा आणि लाल डोळे
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



डोळ्यांच्या आरोग्याविषयी चार शब्द सांगावेत, अशी चिटणीसबाईंची आज्ञा झाली. मोतीबिंदूविषयी आपण पुष्कळदा ऐकता. म्हणून नेत्रवैद्य या नात्याने मी आज एका कमी परिचित दुखण्याविषयी बोलते. त्याचे नाव रोझेशिया.

हा मूळचा चेहऱ्याच्या त्वचेचा विकार. गाल व नाक लाल होऊन भगभगते, बारीक पुळ्या येतात. गोऱ्या वर्णावर ही लाली चटकन दिसते. आपल्या गव्हाळ, सावळ्या वर्णात ती लपते व निदानास उशीर होतो. पुष्कळांच्या बाबतीत हा विकार डोळ्यांतही उतरतो. काहींच्या तर आधी डोळ्यांत आणि मागाहून चेहऱ्यावर.

पापण्यांच्या कडांत बारीक तैलग्रंथींची ओळ असते. वरच्या पापणीत २५ ते ४०, खालच्या पापणीत २० ते ३०. त्यांचे तेल अश्रूंवर पसरते, म्हणून अश्रू लवकर सुकत नाहीत. या विकारात तेल घट्ट होते व ग्रंथींची तोंडे बुजतात. मग डोळे खुपतात, जळजळतात, मधूनच पाणी गळते. रांजणवाडी पुनःपुन्हा होते. घरची माणसे म्हणतात, डोळे आले असतील. पण डोळे येणे काही दिवसांत बरे होते. हे महिनोन्‌महिने चालते. हा रोग संसर्गजन्य नाही, हेही ध्यानात ठेवावे.

थंडीत थिजलेले खोबरेल आपण उन्हात ठेवतो, तोच उपाय येथे. स्वच्छ मऊ फडके मनगटाला सोसेल इतक्या गरम पाण्यात बुडवून, पिळून, मिटलेल्या डोळ्यांवर पाच ते दहा मिनिटे धरावे. निवले की पुन्हा बुडवावे. नंतर स्वच्छ बोटाने वरची पापणी खाली व खालची वर, अशी हलके चोळावी, आणि उकळून निवलेल्या पाण्यात भिजवलेल्या कापसाने कडा पुसाव्यात. आरंभी हे दिवसातून दोनदा करावे. आराम पडला तरी रोज एकदा चालू ठेवावे. विकार समूळ जात नाही, पण ताब्यात राहतो. पापणीच्या आतल्या कडेला काजळ घालू नये. ऊन, शेगडीची धग, कढत चहा, तिखट यांपैकी आपल्याला काय बाधते, ते प्रत्येकीने टिपून ठेवावे.

एका गोष्टीची मात्र कळकळीने सूचना करते. माझ्याकडे एक शिक्षिका आल्या. दुकानातून आणलेले स्टिरॉइडचे थेंब त्या दोन वर्षे घालीत होत्या. लाली जाई, म्हणून त्या निश्चिंत होत्या. इकडे डोळ्यातील दाब वाढून काचबिंदू जडला होता. गेलेली दृष्टी परत आणता आली नाही. असे थेंब डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घालावेत. रंग उजळण्यासाठी विकली जाणारी स्टिरॉइडयुक्त मलमेही चेहऱ्यावरचा हा विकार उत्पन्न करतात वा वाढवतात. शेकाने भागले नाही, तर डॉक्टर डॉक्सिसायक्लीनसारख्या गोळ्या देतात. गर्भवती व अंगावर पाजणाऱ्या भगिनींनी तसे आधीच सांगावे.

डोळा ठणकू लागला, उजेड सोसेना, अंधुक दिसू लागले किंवा बुबुळावर पांढरा ठिपका दिसला, तर त्याच दिवशी नेत्रवैद्याकडे जावे. घरात कोणाचा डोळा दुखला की आपण धावतो. स्वतःचा मात्र पदराने पुसून कामाला लागतो. तेवढे या वर्षापासून सोडा, एवढीच विनंती करून आपली रजा घेते.