भूमध्यसमुद्राकाठचे घाट आणि सायकलस्वार
(वार्षिक संमेलनातील गुणगौरव समारंभात केलेले भाषण)



गुणवंत विद्यार्थ्यांच्या कौतुकाच्या या प्रसंगी चार शब्द बोलण्याची आज्ञा मंडळाने आम्हांस केली, याबद्दल आम्ही चालकांचे ऋणी आहोत. अशा वेळी उपदेश करण्याची वहिवाट आहे. परंतु उपदेश ऐकण्यास मुले फारशी उत्सुक नसतात, हे वर्षानुवर्षे वर्गात उभे राहिल्यामुळे आम्ही चांगले जाणतो. म्हणून आज एका दूरच्या किनाऱ्यावरील घाटांची आणि ते घाट सायकलवरून चढणाऱ्या माणसांची हकीकत सांगण्याचे योजिले आहे. आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलेले. तो प्रदेश प्रत्यक्ष पाहण्याचा योग आम्हांस आलेला नाही. तथापि भूगोल शिकविताना नकाशाशी जडलेला स्नेह निवृत्तीनंतरही सुटला नाही, आणि अलीकडे नातवाच्या कृपेने तेथील शर्यती घरबसल्या पाहावयासही मिळतात.

युरोपच्या नकाशावर फ्रान्सचा आग्नेय कोपरा पाहावा. तेथे आल्प्स पर्वताच्या रांगा थेट भूमध्यसमुद्राच्या पाण्यापर्यंत उतरल्या आहेत. नीस, मोनॅको, मांताँ ही शहरे समुद्र आणि डोंगर यांच्यामधील चिंचोळ्या पट्टीवर वसली आहेत. शहराची शेवटची गल्ली संपली की चढ सुरू होतो. नीसच्या मागे लेस्कारेन हे गाव आहे. तेथून वळणांवर वळणे घेत जाणारा रस्ता ‘कोल द ब्रोस’ नावाच्या खिंडीत पोहोचतो. तिची उंची १००२ मीटर आहे. तिच्याही पलीकडे कोल द त्युरिनी ही खिंड १६०७ मीटरांवर आहे. आपल्या महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई, ते १६४६ मीटर. म्हणजे समुद्रकिनाऱ्यावर सकाळची न्याहारी करून निघालेला सायकलस्वार दुपारपर्यंत जवळजवळ कळसूबाईच्या माथ्याएवढ्या उंचीवर जातो, असे समजण्यास हरकत नाही. पायथ्याशी ऑलिव्हची झाडे व लिंबाच्या बागा, आणि वर पाइनची राने. एका दिवसात तो जणू निरनिराळ्या हवामानांतून प्रवास करतो.

आता बालमित्रांनो, थोडे गणित करू. स्पेनच्या मायोर्का बेटावर सा कालोब्रा नावाचा एक रस्ता आहे. आंतोनियो पारिएत्ती या अभियंत्याने तो आखला आणि १९३२ साली तो बांधण्यात आला. या रस्त्याचे वैशिष्ट्य असे की तो डोंगरावरून समुद्राकडे उतरतो आणि तेथेच संपतो. खाली गेलेल्या सायकलस्वारास त्याच रस्त्याने पुन्हा वर यावे लागते. रस्त्याने परतण्याचा दुसरा मार्गच नाही. सुमारे साडेनऊ किलोमीटरांत तो सुमारे ६७० मीटर चढतो; म्हणजे दर शंभर मीटरांस सात मीटर. सायकल व स्वार मिळून ऐंशी किलो वजन धरले, तर एवढे वजन ६७० मीटर उंच उचलावयाचे आहे. तीन मीटरांचा एक मजला धरल्यास हे सव्वादोनशे मजले होतात. एखाद्या सुदृढ माणसाने दीडशे वॅटच्या शक्तीने अखंड पायडल मारले, तरी केवळ हे वजन वर नेण्यास त्याला जवळजवळ एक तास लागेल. पारिएत्तीने काय केले? चढ सोसवेल असा राहावा म्हणून त्याने रस्त्याची लांबी वाढविली. एके ठिकाणी तर रस्ता पूर्ण वळसा घेऊन स्वतःच्याच खालून जातो; त्या वळणास तेथील लोक गळपट्ट्याची गाठ म्हणतात. अवघड चढ सुसह्य करावयाचा असेल तर वाट लांबवावी, हा सर्व घाटांचा पहिला नियम होय.

दुसरा नियम सायकलच्या दातेरी चक्रांचा. सेंत-एत्येन या गावी पॉल द व्हिव्ही नावाचे एक गृहस्थ होऊन गेले (१८५३–१९३०). व्हेलोसियो या टोपणनावाने ते सायकलीविषयी लिहीत. चढावर लहान व सपाटीवर मोठे असे निरनिराळे गिअर असावेत, याचा त्यांनी आयुष्यभर पुरस्कार केला. आज ही गोष्ट शाळकरी मुलासही पटेल. परंतु त्या काळी पुष्कळांना ती कमीपणाची वाटे. फ्रान्सची सुप्रसिद्ध प्रदक्षिणा-शर्यत, ‘तूर द फ्रान्स’, १९०३ साली सुरू झाली. तिचे प्रवर्तक आंरी देग्रांज यांना गिअर म्हणजे वयस्कांची सोय वाटत असे. सायकल न थांबविता साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारी यंत्रणा तेथे सर्वांना १९३७ साली मोकळी झाली. तोपर्यंत घाटाच्या पायथ्याशी उतरावे, मागचे चाक काढून उलटे बसवावे आणि मग चढावयास लागावे, असा प्रकार होता. सोपा गिअर घेणारा दुबळा नसतो. पुढे किती वाट उरली आहे हे ओळखणारा असतो.

ज्यांनी ही मर्यादा ओलांडली त्यांची कथा करुण आहे. १३ जुलै १९६७ रोजी त्या शर्यतीचा टप्पा भूमध्यसमुद्रावरील मार्सेय बंदरातून निघाला व आत प्रोव्हान्समधील मों व्हांतू या १९०० मीटरांहून उंच अशा उघड्याबोडक्या पर्वतावर चढला. त्या दिवशी असह्य ऊन होते. टॉम सिम्पसन हा २९ वर्षांचा नामांकित इंग्रज स्वार माथा जवळ आला असता कोसळला आणि मरण पावला. उष्मा व परिश्रम तर होतेच. पण त्याच्या शरीरात अँफेटामाइन हे उत्तेजक द्रव्य व मद्यही आढळले. उत्तेजकाने शक्ती वाढत नाही. थकव्याची सूचना मात्र ऐकू येईनाशी होते. त्या उतरणीवर त्याची स्मृतिशिला आहे, आणि येणारे-जाणारे सायकलस्वार तेथे थांबतात.

अशीच दुसरी एक शिला कोल द ब्रोसच्या खिंडीत आहे. आज ही सारी हकीकत आम्ही जिच्यासाठी सांगत आहोत, ती ही शिला होय. ती रेने व्हिएतो याची.

व्हिएतोचा जन्म १९१४ साली कान शहरालगतचा. गरिबीमुळे कोवळ्या वयातच तो तेथील एका हॉटेलात लिफ्टवर नोकरीस लागला. किनाऱ्यामागचे घाट हीच त्याची तालीम. १९३४ साली, अवघ्या विसाव्या वर्षी, त्याची तूर द फ्रान्ससाठी फ्रान्सच्या राष्ट्रीय संघात निवड झाली. पर्वत आले तसा तो चमकू लागला. त्याने त्या वर्षी चार टप्पे जिंकले. त्यांतील एक नीसपासून कानपर्यंतचा, म्हणजे आपल्याच माणसांच्या दारातला.

पुढे शर्यत किनाऱ्याने पश्चिमेकडे जाऊन पिरेनीज पर्वतात शिरली. संघाचा नायक आंतोनँ मान्ये हा तेव्हा सर्वांच्या आघाडीवर होता. प्युइमोरँ घाटाच्या उतारावर तो पडला व त्याचे पुढचे चाक मोडले. मदतीची गाडी मागे दूर होती. व्हिएतोने आपले पुढचे चाक काढून त्यास दिले. नायक निघून गेला. आणि हा वीस वर्षांचा मुलगा एका चाकाची सायकल जवळ घेऊन रस्त्याकडेच्या कठड्यावर बसून रडू लागला. ते छायाचित्र फ्रान्सभर गाजले. दुसऱ्याच दिवशी पोर्ते दास्पेच्या घाटात मान्येच्या सायकलीने पुन्हा दगा दिला. व्हिएतो पुढे निघून गेला होता. नायक मागे अडकल्याचे कळताच तो वळला, उतरलेला घाट पुन्हा चढून आला, आणि नायकास पुन्हा मार्गस्थ केले. मान्येने ती शर्यत जिंकली. व्हिएतो पाचवा आला. पर्वतांतील सर्वोत्तम स्वाराचे पारितोषिक त्याने मिळविले.

येथे एक खुलासा करणे आम्ही शिक्षक या नात्याने कर्तव्य समजतो. चाक दिले नसते तर व्हिएतोनेच शर्यत जिंकली असती, असे पुष्कळ जण सांगतात. परंतु तो मान्येच्या सुमारे तासभर मागे होता. एवढे अंतर केवळ त्या थांबण्याने पडलेले नाही. आमच्या मते यामुळे त्याच्या त्यागाचे मोल यत्किंचितही उणावत नाही. त्या कठड्यावर बसलेल्या मुलास शेवटचा हिशेब कोठे ठाऊक होता? त्याच्या हाती त्या क्षणी जे होते, ते त्याने दिले, आणि ते सुखाने नव्हे तर डोळ्यांत पाणी आणून दिले. पुढे १९३९ साली तो दुसरा आला. मग महायुद्धाने उमेदीची वर्षे खाल्ली. १९४७ साली पुष्कळ दिवस आघाडीचा पिवळा सदरा त्याच्या अंगावर होता; शेवटी तोही गेला. ती शर्यत त्यास कधीच जिंकता आली नाही. १९८८ साली तो वारला, आणि त्याची रक्षा ज्या घाटावर तो तयार झाला त्या कोल द ब्रोसवर ठेवण्यात आली. २०२४ साली तूर द फ्रान्सची अखेर पॅरिसऐवजी प्रथमच नीस येथे झाली. त्या वेळी शेवटून दुसऱ्या दिवशीच्या टप्प्यात सारे स्वार हीच खिंड ओलांडून पुढे गेले, आणि आम्ही ते नातवासह पाहिले.

सज्जनहो, सपाट रस्त्यावर एकमेकांस मदत करणे सोपे असते. पुढचा स्वार वारा अडवितो, मागच्याचे श्रम पुष्कळ वाचतात, आणि पाळीपाळीने हे काम करता येते. घाटात वेग मंदावतो, वाऱ्याचा आडोसा फारसा उपयोगी पडत नाही. प्रत्येकास आपापले वजन आपणच उचलावे लागते. म्हणून घाटात खरी मदत करावयाची तर स्वतःचे काहीतरी काढून द्यावे लागते. वाटणीने ते होत नाही.

आज ज्या मुलामुलींचा येथे गौरव झाला, त्यांचे आम्ही मनःपूर्वक अभिनंदन करतो. त्यांनी आपापला चढ स्वतः चढला आहे, यात शंका नाही. परंतु आमच्या दीर्घ अनुभवात अशी घरे आम्ही पुष्कळ पाहिली, की धाकट्याची फी भरता यावी म्हणून थोरल्याने शाळा सोडून दुकान धरले. भावाच्या परीक्षेसाठी बहिणीने आपली परीक्षा पुढे ढकलली, आणि ती पुढे कधी झालीच नाही. त्यांची नावे कोणत्याही यादीत नाहीत. ते सुखाने हसत हसत बाजूस झाले, असे आपण सोयीसाठी मानतो. कठड्यावर बसून ते रडले असतील, याची आपण चौकशी करीत नाही.

मुलांनो, आज घरी गेल्यावर पारितोषिक देवापुढे ठेवाल, आईवडिलांना नमस्कार कराल, ते योग्यच आहे. त्यानंतर तुमच्या घरात कोणी चाक दिले आहे का, हे वडिलांना एकदा विचारा. उत्तर मिळाले तर त्या व्यक्तीस भेटावयास जा. उशीर करू नका. ती माणसे आता आमच्याच वयाची झाली आहेत.