नफ्याची चौकशी

व्यापारी पेढीत ‘नियंत्रण’ म्हटले की पुष्कळांच्या मनापुढे डोळे वटारलेला मालक उभा राहतो. वास्तविक त्या शब्दाचा अर्थ साधा आहे. काम किती व कसे व्हावयाचे हे आधी ठरवावे, झालेले काम मोजावे, दोहोंत अंतर पडल्यास कारण शोधावे आणि वेळीच दुरुस्ती करावी. मात्र मोजणीच खोटी असेल तर पुढील सारी दक्षता व्यर्थ होय. लंडनच्या बेअरिंग्ज बँकेचा इतिहास या दृष्टीने मननीय आहे.

१७६२ साली स्थापन झालेल्या या पेढीने निक लीसन नामक तरुणास १९९२ मध्ये सिंगापूरला धाडले. तेथील वायदेबाजारात सौदे करणारा तोच, आणि त्या सौद्यांचा हिशेब ठेवणाऱ्या कचेरीचा प्रमुखही तोच! तिजोरीची किल्ली व वही एका हाती देऊ नये, हे खेड्यातील सावकारासही ठाऊक असते. तोट्यातील सौदे लीसनने ८८८८८ क्रमांकाच्या खात्यात दडविले व लंडनला नफा कळविला. १९९४ साली बँकेच्याच तपासनिसांनी ही दोन कामे विभक्त करण्याची शिफारस केली. ती कागदावरच राहिली.

येथे नवल वाटते ते लीसनचे नव्हे, लंडनचे. सिंगापूर व ओसाका येथील भावांतील किंचित फरकावर चालणारा, जवळजवळ निर्धोक समजला गेलेला हा धंदा. त्यात एवढा नफा यावा कोठून? तोट्याची वार्ता येती तर दहा प्रश्न निघाले असते. नफ्यास कोणी नेटाने प्रश्न विचारीना. वस्तुतः अपेक्षेच्या वर गेलेला आकडाही खाली गेलेल्या आकड्याइतकाच तपासणीस पात्र असतो. शिवाय नफा मिळविणारी म्हणून जिची वाहवा होत होती, तीच शाखा सौद्यांच्या अनामतीसाठी वारंवार पैसे मागत होती, आणि लंडनहून ते जातही होते! नफ्याचा धंदा रोकड गिळतो कसा, हा एकच प्रश्न लावून धरला असता तर कुंपणच शेत खात असल्याचे उघडकीस आले असते.

१७ जानेवारी १९९५ रोजी कोबे शहरी भूकंप झाला व जपानी शेअरबाजार घसरला. भाव पुन्हा चढतील या आशेने लीसनने खरेदी वाढविली. फेब्रुवारीअखेर बँक बुडाली. एकंदर तोटा सुमारे ८३ कोटी पौंड भरला. पुढे आयएनजी या डच संस्थेने २३३ वर्षांची ही पेढी, तिच्या देण्यांसह, एका पौंडास विकत घेतली.