दोष ग्रहणाचा नव्हे, अज्ञानाचा
(गावच्या सभेत केलेले भाषण)



आमच्या शाळेत एक मुलगा दोन वर्षे उशिरा दाखल झाला. त्याचा वरचा ओठ जन्मतःच दुभंगलेला. पोरे हसतील म्हणून घरच्यांनी त्यास घरीच ठेविले होते. कारण विचारता आजी म्हणाली, "हिनं ग्रहणात विळीवर भाजी चिरली, त्याचं हे फळ!" सून मान खाली घालून उभी होती. आम्ही तिला विचारले, "बाई, तेव्हा कितवा महिना होता?" ती म्हणाली, "सातवा, गुरुजी."

आता तुम्हीच हिशेब करा. गर्भाचा ओठ चौथ्या ते सातव्या आठवड्यात सांधला जातो व टाळू सहाव्या ते नवव्या आठवड्यात. दोन्ही बाजू वाढत येऊन मध्ये मिळतात. न मिळाल्या तर फट राहते. तिसरा महिना भरण्यापूर्वीच जे व्हायचे ते होऊन जाते. मग सातव्या महिन्यातील विळी काय करणार? ता. २२ जुलै २००९ रोजी सकाळी सूर्यग्रहण लागले, तेव्हा या देशात किती गर्भार बाया चुलीपुढे व शेतात राबत असतील! त्या सर्वांची मुले फाटक्या ओठाची निपजली काय? जगभर सुमारे सातशे जन्मांत एका मुलास हे व्यंग असते. जेथे ग्रहण कोणी पाळीत नाही तेथेही असते. शांती व दान यांनी भिक्षुकाची झोळी भरते, ओठ सांधत नाही.

मग खरी कारणे कोणती? बहुधा एकच नसते. काही अंशी ते रक्तातून येते. घराण्यात पूर्वी कोणास असेल तर संभव वाढतो. आईची विडी व दारू यांनीही धोका वाढतो. मशेरीचा तंबाखूही गर्भास घातकच. गरोदरपणापूर्वीपासून मधुमेह असेल तर तो आवरला पाहिजे. फेफऱ्यावरील काही औषधांनी हे व्यंग होऊ शकते. परंतु ती आपल्या मनाने बंद करू नका, दिवस राहण्यापूर्वीच डॉक्टरास विचारा. पालेभाजी व कडधान्य खा, आणि फॉलिक ॲसिडची गोळी दिवस राहण्याच्या आधीपासून घ्या. उपास घडवून गर्भारणीस ग्रहण पाळावयास लावणे हा धर्म नव्हे. आणि एवढे सगळे सांभाळूनही असे मूल जन्मले, तरी तो आईचा अपराध नव्हे.

असे मूल झाले तर रडत बसू नका. टाळू फाटली असता त्यास अंगावर ओढता येत नाही, व ते भुकेनेच खंगते. दूध पिळून, मूल उभट धरून, वाटीचमच्याने थोडे थोडे पाजा व लगेच दवाखाना गाठा. ओठाची शस्त्रक्रिया वर्षाच्या आत व टाळूची दीड वर्षाच्या आत व्हावी. सन २०१३ पासून सरकारच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात ती मोफत होते. अंगणवाडीत किंवा सरकारी दवाखान्यात चौकशी करा. वय उलटले म्हणूनही सोडू नका.

जोतीरावांनी १८७३ साली सत्यशोधक समाज स्थापिला तो सत्य शोधण्यासाठी. ते सत्य पंचांगात न शोधता दवाखान्यात शोधा. त्या सुनेची मान वर झाली पाहिजे, एवढेच आमचे मागणे आहे.