मतदार यादीवर देखरेख कोणाची?

महाराष्ट्रातील २८८ विधानसभा मतदारसंघांच्या मतदार याद्या राज्य सरकारचेच कर्मचारी तयार करतात. पण त्या याद्यांवर राज्य सरकारची हुकमत चालत नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३२४ने ती भारत निवडणूक आयोगाकडे सोपवली आहे. आयोगाचा स्वतःचा कर्मचारीवर्ग मात्र तुटपुंजा. म्हणून जिल्ह्यात जिल्हाधिकारी, मतदारसंघात बहुधा प्रांत किंवा उपजिल्हाधिकारी, त्यांच्या मदतीला तहसीलदार आणि मतदान केंद्राच्या पातळीवर शिक्षक, तलाठी, अंगणवाडी सेविका अशी उसनी फौज उभी राहते. यादीचे काम चालू असेपर्यंत ही मंडळी आयोगाकडे प्रतिनियुक्तीवर आहेत असे लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५० मानतो आणि त्यांच्यावरील नियंत्रण व शिस्तीचा अधिकार आयोगाला देतो. पगार एकाचा, हुकूम दुसऱ्याचा, अशी ही रचना आहे. बदल्या आणि बढत्या पुढेही राज्य सरकारच्याच हाती राहतात, हे तिचे जुने दुखणे.

राज्यात मुख्य निवडणूक अधिकारी या साखळीच्या शिरोभागी असतो. पुनरीक्षणाच्या काळात विभागीय आयुक्त यादी निरीक्षक म्हणून जिल्ह्यांची तपासणी करतात. पण खरी तपासणी प्रारूप यादी प्रसिद्ध झाल्यावर सुरू होते. नाव नोंदवायचे तर नमुना ६, वगळण्यासाठी किंवा हरकतीसाठी नमुना ७, दुरुस्तीसाठी नमुना ८. पूर्वी १ जानेवारी हा मतदाराचे वय मोजण्याचा एकच अर्हता दिनांक होता. २०२१च्या दुरुस्तीने त्यात एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरची पहिली तारीखही आली.

नाव घालण्यापेक्षा नाव काढणे अधिक जोखमीचे. दुबार नाव राहिले तर ते मतदानाच्या दिवशीही पकडता येते. वगळलेल्या माणसाला मात्र आपले नाव गेल्याचे बहुधा केंद्रावरच कळते. म्हणूनच स्थलांतर किंवा अपात्रतेच्या कारणाने नाव कमी करण्यापूर्वी त्या मतदाराला म्हणणे मांडण्याची वाजवी संधी देणे कायद्याने बंधनकारक केले आहे. उमेदवारी अर्जांची मुदत संपली की निवडणूक होईपर्यंत त्या मतदारसंघाच्या यादीत नावे घालता वा काढता येत नाहीत. नोंदणी अधिकाऱ्याच्या निर्णयावर १५ दिवसांत जिल्हा दंडाधिकाऱ्याकडे, त्यानंतर ३० दिवसांत मुख्य निवडणूक अधिकाऱ्याकडे अपील करता येते.

यादीच्या कामात कर्तव्यच्युती करणाऱ्या अधिकाऱ्याला ३ महिने ते २ वर्षे कैदेची तरतूद आहे. पण आयोगाच्या किंवा मुख्य निवडणूक अधिकाऱ्याच्या आदेशाने अथवा त्यांच्या अधिकाराखाली तक्रार झाल्याशिवाय न्यायालय अशा गुन्ह्याची दखल घेत नाही. शिवाय नाव नोंदवण्याच्या पात्रतेचे प्रश्न दिवाणी न्यायालयाच्या कक्षेबाहेर ठेवले आहेत. म्हणजे चूक आणि चौकशी दोन्ही एकाच घरात राहतात. बाहेरून पाहणारा डोळा उरतो तो उच्च न्यायालयाचा आणि पक्षांच्या केंद्रस्तरीय प्रतिनिधींचा. त्यातही हे प्रतिनिधी सगळीकडे नेमलेले असतातच असे नाही.

महापालिका आणि जिल्हा परिषदांच्या निवडणुका घेणारा राज्य निवडणूक आयोग वेगळा असला, तरी तो हीच विधानसभेची यादी घेऊन प्रभागांत किंवा गटांत विभागतो. मूळ यादीत नाव घालण्याचा वा काढण्याचा अधिकार त्याला नाही.