कसर, गंज आणि खरी ठेव

(ज्युबिलीनिमित्त चिंचोळी एमआयडीसी येथील बांधवांपुढें झालेलें भाषण)



ज्युबिलीच्या मंगल प्रसंगीं देवाचे आभार मानण्यास आपण जमलों आहों. तोरणें, दिवे, गायन हें सर्व शोभतेंच. परंतु ज्युबिली ह्या शब्दाचा मूळ अर्थ विसरून चालणार नाहीं. जुन्या करारांत दर पन्नासावें वर्ष ज्युबिलीचें ठरलेलें होतें. त्या वर्षीं, गरजेपोटीं विकलेली वडिलोपार्जित जमीन मूळ कुटुंबाकडे परत जाई आणि दारिद्र्यामुळें दास झालेला बांधव मुक्त होई. भूमि देवाची, आपण तिच्यावरचे पाहुणे, हें त्या नियमाचें मर्म होय. म्हणून आज धनाविषयींच बोलणें मला उचित वाटतें.

डोंगरावरील प्रवचनांत प्रभु येशूनें पृथ्वीवरील धनाचे वैरी सांगितले, ते कसर, गंज आणि चोर. कसर वस्त्र खाते, गंज लोखंड खातो. सूत आणि लोखंड ह्यांवर जगणाऱ्या सोलापूरकरांइतकें हें कोणास कळावें? १८७७ सालीं स्थापन झालेल्या पहिल्या मोठ्या कापडगिरणीला पुढें लोक 'जुनी गिरणी' म्हणूं लागले. मागून नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णु अशा गिरण्या आल्या. त्यांच्या भोंग्यांवर कामगारांचीं घरें उठत आणि निजत. हे भोंगे कायमचे थांबतील, असें त्या काळीं कोणी म्हटलें असतें, तर लोक हंसले असते. तरी ते थांबले. आज पुणें रस्त्यावरील ह्या माळावर नवीं यंत्रें फिरत आहेत व त्यांत पुष्कळांची भाकर आहे. देव तीं फिरतीं ठेवो! परंतु जें जुन्या यंत्रांचें झालें, तें नव्यांचें होणार नाहीं, असें लिहून देणारा कोणी आहे काय?

तर मग धन मिळवूंच नये काय? असें ख्रिस्तसभा म्हणत नाहीं. परमगुरु तेरावे लिओ ह्यांनीं १८९१ सालीं 'रेरुम नोव्हारुम' हें कामगारविषयक परिपत्रक लिहिलें. त्यांत खासगी मालमत्तेचा हक्क त्यांनीं मान्य केला. पण धन बाळगणें निराळें आणि तें योग्य रीतीनें वापरणें निराळें, असेंही बजावलें. काटकसरीनें राहणाऱ्या कामगाराचा निर्वाह होईल एवढें वेतन देणें हा न्याय आहे, मेहेरबानी नव्हे, ही त्यांची शिकवण.

सांत याकोबानें आपल्या पत्रांत कसर लागलेलीं वस्त्रें, गंजलेलें सोनेंरुपें आणि मजुरांची अडकवलेली मजुरी हीं एकाच ठिकाणीं सांगितलीं आहेत. ह्यांत मोठा अर्थ आहे. पेटींत दडपलेल्या वस्त्राला कसर लागते, बंद पडलेल्या यंत्रावर गंज चढतो, हें तुम्हांस मीं सांगावयास नको. धनाचेंही तसेंच. जें दुसऱ्याच्या कामीं आलें, तेवढेंच टिकलें.

इ. स. २५८ मध्यें रोमच्या अधिकाऱ्यांनीं सांत लॉरेन्स ह्यांच्यापाशीं ख्रिस्तसभेचा खजिना मागितला. परंपरा सांगते कीं, त्यांनीं सर्व कांहीं गरिबांस वांटून टाकलें आणि आंधळे, पांगळे, विधवा ह्यांना पुढें उभें करून, हाच आमचा खजिना, असें दाखवून दिलें. त्यासाठीं त्यांनीं प्राण दिला.

कोणी म्हणेल, "आम्हां ठेक्यावरच्या मजुरांपाशीं कोठलें धन?" बंधूंनो, लोभाला पैसा लागत नाहीं. रिकाम्या खिशाचा मनुष्यही दिवसभर पैशाचाच जप करूं शकतो. लग्नांत मोठेपणा मिरवण्यासाठीं व्याजाचें कर्ज डोक्यावर घेऊं शकतो. उलट, दोन दमड्या टाकणाऱ्या विधवेचें दान प्रभूनें सर्वांहून मोठें मानिलें.

म्हणून आज घरीं गेल्यावर प्रत्येकानें आपल्या मनास विचारावें: कोणाची मजुरी माझ्याकडे अडकली आहे काय? ज्याचें काम सुटलें, त्या शेजाऱ्याची चूल पेटली कीं नाहीं, हें मीं पाहिलें काय? माझ्या मुलांस मीं पैशाखेरीज दुसरी कोणती ठेव देत आहें? अडकलेली मजुरी आज चुकती झाली, तर ती ह्या तोरणांहून खरी ज्युबिली होईल.

जेथें कसर, गंज व चोर पोंचत नाहींत, तेथें आपली ठेव जमा होवो, हीच प्रभुचरणीं प्रार्थना.