मोडीत गेलेली एकदाणी



वऱ्हाडातल्या वलगावचं नाव निघालं की पेढी नदी आठवते आणि गाडगेबाबा आठवतात. २० डिसेंबर १९५६ रोजी याच परिसरात त्यांनी देह ठेवला. ऋण काढून लग्न करू नका, हे बाबा कीर्तनातून पोटतिडकीनं सांगत. वऱ्हाडाला ते सांगावंच लागे. इथलं सोनं लग्नात अंगावर, तर पेरणीला सावकाराच्या तिजोरीत. मृग लागला की पोत गहाण. कापूस विकला की सोडवायची.

दागिना न मोडता वारशानं पुढं जाण्याचीही रीत असते. हवाई बेटांवर सोन्याच्या बांगडीवर हातानं वेलबुट्टी कोरतात, काळ्या मिन्यात नाव घालतात. राणी लिलिउओकलानीच्या काळापासूनची ही रीत. आईची बांगडी तशीच लेकीच्या हातात जाते. आपल्याकडे मात्र वारशानं येतं ते वजन! आजीची एकदाणी मोडून सुनेचा गोफ होतो, गोफाच्या पुढं नातीच्या बांगड्या.

त्या एकदाणीचा एकच मणी बघा. पातळ पत्र्याची चकती खोलगट साच्यात ठोकून वाटी करायची. अशा दोन वाट्या जुळवून, सवागी लावून झाळायच्या. फुंकणीनं ज्योत नेमकी सांध्यावर वळवायची. श्वास चुकला तर मणीच वितळतो. मग पोटात लाख भरायची, म्हणजे चेपत नाही. मोडीच्या वेळी ही लाख जळते, वजन उतरतं आणि संशय सोनारावर! या जातीच्या बदनामीतला बराचसा वाटा लाखेचाच असावा, असं मला वाटतं. सोन्याचा कण मात्र वाया जात नसे. दुकानातला केरसुद्धा झारेकरी विकत घेऊन धूत.

१९६३ साली सुवर्णनियंत्रण आलं. चौदा कॅरेटहून चोख सोन्याचे नवे दागिने घडवायला बंदी झाली आणि सोनारांच्या कितीतरी बागेसऱ्या, म्हणजे शेगड्या, विझल्या. ती अट पुढं सैल झाली, पण नियंत्रणाचा कायदा रद्द व्हायला १९९० उजाडलं. तोवर अनेक सोनारांची पोरं दुसऱ्या धंद्याला लागली होती. आता मशीनचा मणी गुळगुळीत येतो, स्वस्तही पडतो; घडवणाऱ्याचा हात त्यात दिसत नाही.

सोनं मोडू नका, असं मी सांगणार नाही. अडीनडीसाठीच ते असतं. पण काट्यावर टाकण्याआधी दागिन्याचा एक फोटो काढा, आणि तो कुणाचा, कुणी घडवला, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारून लिहून ठेवा.